मिठाच्या पिशवीवर कॅमेरा

आमच्या घरमालकांनी खोली भाड्याने देताना माझं आधारकार्ड मागितलं नाही, नोकरी कुठे करतेस हेही विचारलं नाही. पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "त्या तुलशीपर्यंत जा आनि ये."

आईवडील मागे टेम्पोजवळ सामानाच्या गोण्या धरून उभे. मी बीएस्सी, फिजिक्स. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, कारण सांगायला मला आवडतं. क्लासमध्ये बारावीची मुलं मला मॅडम म्हणतात. आणि इथे मी पेला घेऊन एका अनोळखी म्हाताऱ्याच्या तुळशीला चाललेय. गेले, आले. थोडं सांडलंच.

"हलतंय," काका म्हणाले. "पन श्वास धरलास तू. कोनी शिकवला?"

"कोणी नाही. भीती वाटली म्हणून धरला."

"मंग पास," म्हणाले आणि किल्ली दिली.

हा माणूस शहाणा की अर्धवट, हा गोंधळ माझ्या डोक्यात त्या दिवशी सुरू झाला. मला वाटलं होतं, राहिलं की कळेल. राहिले बरीच वर्षं. नाही कळलं.

भाईंदरजवळ मुर्ध्याला, खाडीच्या अंगाला त्यांचं बैठं घर. पुढे अंगण, अंगणाला कमरेइतकी भिंत, बाजूला भाड्याच्या दोन खोल्या. घराणं मिठागरवाल्यांचं. आजोबा, वडील मिठात उभे राहून म्हातारे झाले. काका मात्र तरुणपणी मुंबईला एका फिल्म लॅबमध्ये चिकटले. काम काय, तर धुऊन आलेली प्रिंट अंधाऱ्या खोलीत बसून बघायची. गोष्ट नाही बघायची. ओरखडा बघायचा, डाग बघायचा, चित्र हलतंय का ते बघायचं. चांगली असली तर पास, नाहीतर फेल. नोकरीभर या माणसाने दुसऱ्यांच्या सिनेमात फक्त थरथर शोधली. "हिरो मेला का जगला, मना आजून म्हाईत न्हाय," असं ते सांगायचे, आणि यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटायचं नाही.

नोकरी सुटली, निकाल देणं सुटलं नाही. चहा पास, पाव फेल. सोसायट्यांच्या नव्या कमानी फेल. मला बघायला मीरा रोडचा एक मुलगा आला होता. काका सहज आल्यासारखे दारात येऊन उभे राहिले, दोन मिनिटं बघितलं आणि गेले. पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "कसा वाटला?"

"मांडी हलवीत होता," काका म्हणाले. "फेल."

आई माझ्यावरच चिडली, जशी काही ती मांडी माझीच होती. मी त्या मुलाला नाही म्हटलं ते वेगळ्या कारणाने. मी पुढे शिकणार म्हटल्यावर तो हसला होता. पण काकांना वाटलं, त्यांच्या शब्दावर नाही म्हटलं. मग माझ्याशी ते जास्त बोलायला लागले.

त्यांच्याकडे एक छोटा कॅमेरा होता. हल्लीच्या पोरांना वाटेल फोटोचा, पण तो हलत्या चित्रांचा. आठ मिलिमीटरची फिल्म लागणारा, पिस्तुलासारख्या मुठीचा. फिल्म डबीत भरलेली यायची. एका डबीत तीनेक मिनिटांचं काम व्हायचं, की संपली. लॅब बंद पडली तेव्हा सामानाची वाट लागत होती, त्यातून हा कॅमेरा, एक प्रोजेक्टर आणि काही डब्या काकांनी घरी आणल्या. डब्या फ्रिजमध्ये, सुक्या बोंबलांच्या शेजारी. काकी म्हणायची, "तुमच्या फिल्मला बोंबलाचा वास लागंल." काका म्हणायचे, "वास दिसत न्हाय."

आता असा कॅमेरा हातात आल्यावर माणूस काय घेईल? लग्न, वरात, होड्या, खेळणारी मुलं. काका न हलणारं घ्यायचे. घराचा दरवाजा. नारळ, तोही वारा पडल्यावर. उन्हात झोपलेला कुत्रा, त्याने कान हलवला तर "फेल!" असं ओरडून कॅमेरा बंद. मी म्हटलं, "काका, मग फोटोच काढा ना. कशाला फिल्म फुकट घालवताय?"

त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. "फोटोत मानूस आपनहून उभा हाय, का फोटोनी त्याला उभा केलाय, कलतं का तुला? न्हाय कलत. फिल्ममदी कलतं. त्याला जायाला वाट हाय, टाइम हाय, तरी तो उभा हाय."

यावर मी दोन दिवस विचार केला. बरोबर आहे असं वाटलं. तिसऱ्या दिवशी साफ वेडेपणा वाटला. आज विचाराल तर कुठल्या दिवशी विचारताय त्यावर आहे.

पण समोरचं उभं असून भागत नाही, कॅमेराही उभा पाहिजे. आणि हातातला कॅमेरा कधीच उभा नसतो. छोटा कॅमेरा हलका, म्हणून जास्तच हलतो. त्यात छोट्या फिल्मवरचं चित्र भिंतीवर मोठं केलं की हाताचा बारीकसा कंपही भूकंपासारखा दिसतो. इथपर्यंत माझं फिजिक्स आणि काका एकमतात होते. पुढे त्यांचे त्यांचे नियम. कोपर बरगडीला चिकटवायचे. पाय चिखलात रोवल्यासारखे फाकवायचे. श्वास अर्धा सोडायचा आणि धरायचा. भिंत दिसली की टेकायचं, खांब दिसला की टेकायचं. लांब उभं राहून भिंगाने जवळ आणायचं नाही. "लांबून वाढवलास का हाताची थरथर पन वाढवलीस. जवल जा. पायानी जा."

एकदा भाईंदर पश्चिमेच्या बाजारात ते टेकले ते उभ्या रिक्षाला. रिक्षा चालू होती.

"भाई, इंजिन बंद कर ना," काका डोळा कॅमेऱ्यातून न काढता म्हणाले.

"चाचा, बैठना है कि नहीं?"

"टेकना है."

रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला. मी भाजीवाल्याकडे बघायला लागले.

मग दोरीची युक्ती. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रू, स्क्रूला दोरी, दोरीचं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ करायची. ताणलेल्या दोरीमुळे हात वरखाली होत नाही. युक्ती खरी आहे, मी करून बघितलीय. पण दोरी मऊ, न ताणणारी पाहिजे. काकांनी नायलॉन करून बघितली, सुतळी करून बघितली. एका सकाळी काकी अंगणात आली ती एका हाताने कंबर धरून.

"आवो, माज्या परकराची नाडी कुटं हाय?"

काका नारळाखाली पाय फाकवून उभे. नाडी त्यांच्या अंगठ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत, वीणेच्या तारेसारखी.

"एकच मिंट," काका म्हणाले.

"माज्याकडं एक मिंट न्हाय! मी काय अशीच धरून फिरू?"

तो शॉट पास झाला असं ते नंतर सांगायचे. शेजारपाजारच्या बायका तो प्रसंग अजून सांगतात, पण त्यात शॉट नसतो.

काकीबद्दल सांगायला पाहिजे. काकीला मी कधी थांबलेलं बघितलं नाही. ती बोलायची ती जाता जाता, जेवायची ती उठता उठता. पाणी आलं की पिंप भर, कपडे धू, कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवड, आमच्या आईशी भांड, आणि पाण्याचा पेला कोणी अर्धा टाकला तर त्याची सात पिढ्यांची चौकशी कर. काकांच्या सगळ्या फिल्ममध्ये काकी आहे, पण कशी? दरवाजासमोरून सर्रकन गेलेलं लुगडं. नारळामागून निघालेली बादली. काका चित्र थांबवून सांगायचे, "ही बग. लगीन झाल्यापासून हिला मी जातानाच बगतंय."

मी एकदा त्यांना माझा फोन दाखवला. चालता चालता व्हिडिओ घेतला तरी चित्र कसं स्थिर येतं ते दाखवलं. त्यांनी नाकाला लावून बघितलं. "तू चालत होतीस?" "हो." "आनि हात हलत होता?" "हो. फोन ते आपोआप काढून टाकतो."

"म्हंजे लपवतो," ते म्हणाले आणि फोन परत दिला. "फेल."

बरं, सरळ स्टँड घ्यावा ना तीन पायांचा. होता त्यांच्याकडे. पण त्यांचं म्हणणं, मुर्ध्याची जमीन आता थांबत नाही. खरंच होतं ते. मागे भराव, पुढे बांधकाम, रस्त्याने दिवसभर डंपर. डंपर गेला की भांड्यांचा आवाज व्हायचा, आणि स्टँडचे पाय जमिनीची थरथर सरळ वर कॅमेऱ्यात न्यायचे. म्हणून त्यांनी मांजरपाटाची जाड पिशवी शिवली, भरून भिंतीवर ठेवली आणि त्या उशीत कॅमेरा रुतवला. भिंत थरथरली तरी पिशवीतले दाणे ती गिळतात. फिजिक्स पास.

पण पिशवीत भरलं काय? मीठ. त्यांच्या वडिलांच्या आगरातलं जाडं मीठ. त्याचं एक पोतं माळ्यावर होतं. ते कोणी खात नव्हतं आणि कोणी टाकतही नव्हतं.

"काका, मीठ दमट हवेत पाणी धरतं. वाळू भरा. तांदूळ भरा."

"तांदूल?" काकी आतून ओरडली. "खायाचा तांदूल त्या यंत्राखाली?"

"काका, पिशवी गळेल. कॅमेरा खराब होईल. गंजेल."

"गलंल तर गलंल," काका शांतपणे म्हणाले. "मीठच हाय ते."

मिठागरवाल्याच्या घरात मीठ विरघळतं हे मी, देशावरून आलेल्या माणसांच्या पोरीने, सांगावं! आणि त्यांनी ते ऐकून मान डोलवावी, आणि तरी मीठच ठेवावं! बारीकशा थरथरीला घाबरणारा माणूस पावसाळा न टिकणाऱ्या वस्तूवर कॅमेरा ठेवतो, याची संगती मी आजपर्यंत लावतेय.

मग डोळ्यांचं आलं. काका दाराच्या चौकटीला खांद्याने आपटायला लागले. बाजूने कोणी आलं की दचकायचे. मीच भाईंदरला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, आणि उरलंय तेही कडेकडेने कमी होत जाणार, औषधाने फार तर सावकाश होईल, असं डॉक्टर म्हणाले. परतीची रिक्षा घराजवळ आल्यावर काका म्हणाले, "फ्रिजमदी एक डबी उरलीय."

मला वाटलं, आता ते खाडी घेतील, आगराची जागा घेतील.

"हिला घ्यायची," ते म्हणाले. "उभी. एकदा. मंग बगत बसायला बरा."

ही गोष्ट काकीला सांगायला त्यांनी मला पाठवलं. मी सांगितली. काकी पाट्यावर मसाला वाटत होती, वाटतच राहिली. मग म्हणाली, "नलाचं पानी आलं का मी पिंप लावतंय. पिंप भरेपर्यंत उभी राहीन. त्याच्या पुढं न्हाय."

भाद्रपदातला दिवस. पाऊस उघडलेला, ऊन पडलेलं, पण हवा अशी की पापड हातात वाकावा. काकांनी पिशवी भिंतीवर ठेवली, वर कॅमेरा. बटण बोटाने दाबलं तर तेवढ्यानेही कॅमेरा हलतो, म्हणून त्यांच्याकडे एक लांब तार होती. तिच्या टोकाचं बटण दाबायचं, बाजूचा स्क्रू फिरवून तसंच अडकवायचं, आणि लांब जाऊन उभं राहायचं. कॅमेरा एकटाच चालत राहतो. माझ्याकडे काम काय? गल्लीत उभं राहून डंपर थांबवायचं. मी लाल ओढणी घेऊन उभी राहिले. पदवीदान समारंभाला इतकी ताठ उभी नव्हते.

डंपर आलाच. ड्रायव्हरने मुंडी बाहेर काढली. "क्या हुआ, मॅडम? एक्सीडेंट?"

"शूटिंग है."

"हीरोइन कौन है?"

मी अंगणात बोट दाखवलं. काकी पिंपाजवळ उभी होती, पाईप पिंपात, हात ओले, पदर खोचलेला, चेहरा असा की कोणाला तरी आता शिव्या देईल. ड्रायव्हरने बघितलं आणि, देव त्याचं भलं करो, इंजिन बंद केलं.

कॅमेऱ्याचा घर्र आवाज सुरू झाला. काका दोन पावलं बाजूला सरकले, डोळे काकीवर, श्वास धरलेला. काकी उभी. खरंच उभी. आणि मला गेटातून दिसलं की भिंतीवरून ओघळ येतोय. पिशवी गळत होती. एका बाजूने ती खचायला लागली आणि कॅमेरा हळूहळू कलायला लागला. काका हाताच्या अंतरावर होते, पण पिशवी त्यांच्या बाजूला होती, आणि बाजूचं त्यांना आता दिसत नव्हतं. मी ओरडावं तर शॉट जाणार, न ओरडावं तर कॅमेरा जाणार. मी तशीच तोंड उघडं ठेवून उभी राहिले.

काकी ओरडली. "आवो, मीठ गलतंय तुमचा!" आणि सुटलीच. तिने पडता कॅमेरा झेलला, आणि अडकवलेल्या तारेसकट तो चालू कॅमेरा पदराने पुसत थेट घरात. तो बंद कसा करायचा हे तिला ठाऊक नव्हतं. आतून घर्र आवाज येतच होता.

काकांनी गळकी पिशवी दोन्ही हातांनी उचलली, अंगणाच्या टोकाला गेले, शिवण उसवली आणि मीठ सगळं गटाराच्या कडेला ओतलं. मग तिथेच उभे राहिले, पाठमोरे, रिकामी पिशवी हातात. डंपरवाल्याने विचारलं, "जाऊँ?" मी मानेने हो म्हटलं.

मग एक गोष्ट झाली, जिचा अर्थ मला लागला नाही. पिंप भरलं. भरून वाहायला लागलं. पाणी अंगणातून माझ्या चपलांपर्यंत आलं. पेलाभर पाण्यासाठी सात पिढ्या काढणारी काकी आतून येईना. शेवटी नळ मी बंद केला.

ती आली तेव्हा कॅमेरा गप्प झाला होता. डबी संपली होती.

"फेल," काका म्हणाले, तिच्याकडे न बघता. काकीने कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि ओलं अंगण झाडायला घेतलं.

त्यांचा लॅबमधला एक जुना सोबती दादरला राहायचा, तो अजून घरच्या घरी फिल्म धुवायचा. काका डबी पाठवायला तयार नव्हते. हल्लीच्या भाषेत सांगायचं तर प्रश्न माझ्या इगोचा होता. मीठ गळेल हे मी आधी सांगितलं होतं, ते मला पडद्यावर बघायचं होतं. मीच नेऊन दिली आणि मीच घेऊन आले. चादर भिंतीला लावली. काका खुर्चीत, चेहरा प्रिंट तपासायच्या वेळेचा.

पहिलं चित्र काकीचं. उभी. सुंदर, स्थिर. मग क्षितिज कलायला लागलं, पिंप घसरायला लागलं, काकी मोठी मोठी होत आली, पदर, अंधार. मग भयंकर हलणारी फिल्म: फरशी, काकीचे पाय, उलटा नारळ, आभाळ, दारातून क्षणभर काका. काकांचं हलतं चित्र त्या घरात तेवढंच. "फेल, फेल," ते पुटपुटत होते.

आणि एकदम चित्र थांबलं. काकीने कॅमेरा स्वयंपाकघराच्या ओट्यावर आडवा ठेवला होता. कडप्प्यावर, दगडासारखा स्थिर. चित्र आडवं. आडव्या चित्रात आडवी खिडकी आणि खिडकीशी काकी. हाताला काम नाही. ती बाहेर बघत होती. बाहेर काय होतं ते मला माहीत होतं, तिथे मीही होते: गटाराजवळ पाठमोरा उभा एक माणूस, हातात रिकामी पिशवी. काकी बघत होती. बाहेर पाणी वाहतंय, तिला ऐकू येत असणार. जायला वाट होती, वेळही होता. ती उभी होती. फिल्म संपेपर्यंत उभी होती.

खोलीत पट्टीचं टोक फटफट फिरत राहिलं. मी बघितलं काकांकडे, पास की फेल. "परत लाव," एवढंच म्हणाले.

मी हुशारी केली. दुसऱ्यांदा लावताना भिंतीवरचं चित्र फोनने घेतलं आणि बोटाने फिरवून सरळ करून दिलं. "हे बघा काका, सरळ झालं. आता कधीही बघा."

त्यांनी फोनकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "ती आडवी हाय ना? मी आडवा होतंय," ते म्हणाले, आणि खुर्चीतून उठून, भिंत धरत, जमिनीवर चटईवर कुशीवर झाले.

पुढे आम्ही जेसल पार्कला राहायला गेलो. स्वतःची जागा, माझ्या नावावर. तेही सांगायला मला आवडतं. एकदा संध्याकाळी पेढे घेऊन मुर्ध्याला गेले. दार उघडंच होतं. भिंतीवर आडवी खिडकी, आडवी काकी. काका चटईवर कुशीवर, भिंतीच्या पार जवळ, कारण आता लांबचं पुरं चित्र त्यांच्या डोळ्यात मावत नव्हतं. आणि खरी काकी बादली घेऊन मधून गेली, तिची सावली भिंतीवरच्या काकीवरून सर्रकन गेली.

"बाजूला हो गं," काका म्हणाले. "दिसत न्हाय."

"बग बाय!" काकी मला म्हणाली. "मना बगायला मनाच बाजूला करतान!"

"काका," मी विचारलं, "शेवटी पास की फेल?"

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. काकी परत आली, जाता जाता वाकून त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि गेलीसुद्धा. काकांनी डोकं उचललं, उशीवर ठेवलं, आणि श्वास अर्धा सोडून धरला. मी पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन तिथेच उभी होते. मला नीट दिसेना, म्हणून मीही मान वाकडी केली.